धावणाऱ्यांची नडगी का दुखते?

दिल्लीत, नोएडात, गुडगावात किंवा फरीदाबादेत राहून सकाळी बूट घालून बाहेर पडणाऱ्या मराठी लोकांसाठी आजचा भाग आहे. यात दोन प्रकारची मंडळी येतात. एक म्हणजे नोकरी-संसार सांभाळून दिल्ली हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे. दुसरी म्हणजे ओल्ड राजिंदर नगर किंवा मुखर्जी नगरात खोली घेऊन राहणारी आपली पोरं-पोरी, ज्यांच्यासाठी धावणं हा छंद नाही, तर परीक्षेचा पेपरच आहे. दोघांचं वय वेगळं, कारण वेगळं, पण तक्रार एकच असते: ‘नडगी आतल्या बाजूने दुखते. पहिल्या पाच मिनिटांत ठणकते, मग अंग गरम झालं की कमी होते आणि संध्याकाळी जिना उतरताना परत दुखते.’

पायजमा गुडघ्यापर्यंत वर करा आणि बसल्या जागी माझ्याबरोबर हात लावून बघा. गुडघ्याखाली पुढे जे टणक हाड लागतं ती नडगी. तिच्या आतल्या कडेवरून, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूने, अंगठा घोट्यापासून हळूहळू वर सरकवत न्या. खालच्या निम्म्या-दोन तृतीयांश भागात चार-पाच बोटं रुंदीची पट्टी दाबल्यावर दुखत असेल, तर बहुतेक वेळा त्याला ‘शिन स्प्लिंट’ म्हणतात. हे नाव तसं ढोबळच आहे. डॉक्टरांच्या कागदावर ‘मीडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम’ असं लांबलचक नाव दिसेल. घाबरू नका, रोग तोच आहे.

हे दुखतं कशामुळे? हाड म्हणजे सिमेंटचा खांब, ही आपली समजूत आधी सोडावी लागेल. हाड जिवंत असतं आणि त्याची डागडुजी रोज चालू असते. जुन्या वाड्याची भिंत दुरुस्त करायची तर गवंडी आधी पोखरलेल्या विटा काढतो आणि मग नव्या बसवतो. मधल्या काळात भिंतीला भोकं असतात. हाडात हेच घडतं. ताण वाढला की झिजलेला भाग काढून टाकणाऱ्या पेशी आधी कामाला लागतात. त्यांचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. नवं हाड भरणाऱ्या पेशी मात्र सावकाश काम करतात, आणि भरलेलं हाड पक्कं व्हायला तीन-चार महिने जातात. म्हणजे धावायला सुरुवात केल्यावर पहिले काही आठवडे तुमची नडगी आधीपेक्षा मजबूत नसते, उलट थोडी कमजोर असते. स्वीडनमध्ये अशा दुखऱ्या नडग्यांचं मोजमाप झालं, तेव्हा नेमक्या दुखणाऱ्या जागी हाडाची घनता कमी सापडली. दुखणं गेल्यावर ती परत भरून आली. पूर्वी असं मानत की स्नायू हाडावरचं आवरण ओढतो म्हणून दुखतं. त्यात काही तथ्य असेलही आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण मी तरी हाडाची बाजू महत्त्वाची मानतो.

खरी गोची इथेच आहे. दम वाढायला दोन-तीन आठवडे पुरतात. स्नायूही महिन्या-दीड महिन्यात साथ देऊ लागतात. तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला वाटतं, ‘अरे, आता जमतंय!’ आणि तुम्ही तीन किलोमीटरचे सहा करता. छाती हो म्हणते, पाय हो म्हणतात, आणि हाडात मात्र त्या वेळी सगळ्यात जास्त भोकं असतात. म्हणूनच हे दुखणं पहिल्या दिवशी येत नाही, तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास येतं. तुमचा दम आणि तुमचं हाड वेगवेगळ्या वेळापत्रकांवर चालतात, एवढं लक्षात घेतलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

आता आकडे बघू. साधारण वेगाने धावणारा माणूस मिनिटाला १६० ते १७० पावलं टाकतो. पाच किलोमीटरला अर्धा तास धरला, तर ती पाच हजार पावलं झाली, म्हणजे एकेका पायावर अडीच हजार आघात. प्रत्येक वेळी जमीन वजनाच्या दोन-अडीच पट जोराने उलटी ढकलते. पण हाडावरचा खरा भार त्याहून कितीतरी जास्त असतो, कारण शरीर पुढे ढकलण्यासाठी पोटरीचा स्नायू जोरात आवळला जातो आणि नडगी दोन्ही टोकांकडून दाबली जाते. त्यामुळे ‘दिल्लीचे फुटपाथ कडक आहेत म्हणून दुखतं’ हे अर्धंच खरं आहे. मऊ हिरवळीवर पाय आपोआप ताठ होतो, कडक रस्त्यावर थोडा सैल होतो, आणि शरीर बराचसा हिशेब स्वतःच जुळवून घेतं. नेहरू पार्कच्या मातीवर धावलात तर बरं वाटेल, जरूर धावा. पण तिथे जाऊन अंतर दुप्पट केलंत तर मातीचा काही उपयोग नाही.

ही गोष्ट सगळ्यात आधी कळली ती सैन्याच्या डॉक्टरांना. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातले ब्राइटहाउप्ट नावाचे डॉक्टर नव्या शिपायांच्या सुजलेल्या, ठणकणाऱ्या पावलांबद्दल लिहून गेले. लांब कवायतीनंतर पाय सुजत, आणि मार लागलेला नसे. पुढे क्ष-किरण आले आणि १८९७ मध्ये दिसलं की त्या पावलांतल्या हाडांना बारीक तडे गेले होते. तडा एकदम पडलेला नव्हता, हजारो पावलांनी मिळून पाडला होता. आजही भरतीच्या प्रशिक्षणात नडगीचा तडा हे ओळखीचं दुखणं आहे.

सैन्यावरून आपला अविनाश साबळे आठवतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा. २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्ली हाफ मॅरेथॉनमध्ये त्याने २१.१ किलोमीटर १ तास ० मिनिटे ३० सेकंदांत संपवले. एकसष्ट मिनिटांच्या आत हे अंतर कापणारा तो पहिला भारतीय. त्या वर्षी करोनामुळे रस्त्यावर फक्त निवडक धावपटू होते आणि बाकीचे आपापल्या गावी मोबाइलवर अंतर मोजत धावले. आपण तो शेवटचा आकडा बघतो. त्यामागे शाळेसाठी रोज पायी तुडवलेले मैल आहेत, महार रेजिमेंटमधली सियाचीन आणि राजस्थानातली नोकरी आहे आणि २०१५ पासूनचा धावण्याचा सराव आहे. त्याच्या हाडाला तयार व्हायला वर्षं मिळाली. इस्रायली सैनिकांवरच्या अभ्यासात दिसलं होतं, की भरतीआधी दोनेक वर्षं बास्केटबॉलसारखा चेंडूचा खेळ खेळलेल्या मुलांना असे तडे कमी जातात. माझा अंदाज असा, की लहानपणी खो-खो, कबड्डी खेळलेल्या आपल्या मुलांनाही हाच फायदा होत असणार, कारण उड्या आणि एकदम वळणं हाडाला चांगलीच मानवतात. ऑफिसच्या खुर्चीत पंधरा वर्षं काढून उठलेल्या माणसाकडे ही ठेव नसते. त्याने साबळेचा सरावाचा तक्ता मोबाइलवर उतरवून घेऊ नये.

दिल्लीचं हवामान या दुखण्यात हातभार लावतं. मे-जूनमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि बरेच जण धावणं बंद करतात. मग पाऊस आवरायला लागतो आणि ऑगस्टअखेर आठवण होते, की शर्यत ऑक्टोबरमध्ये आहे. मधल्या सुट्टीत हाडाचाही सराव सुटलेला असतो, पण सुरुवात मात्र एप्रिलमध्ये जिथे सोडलं होतं तिथूनच होते. दिवाळीच्या सुमारास हवा बिघडते, दहा-बारा दिवस घरी बसावं लागतं आणि हवा जरा निवळली की राहिलेले किलोमीटर ‘भरून काढायचे’ असतात. ते भरून काढू नका. गेलेले गेले. आठवड्याला दहा टक्केच वाढवा, हा नियम तुम्ही ऐकला असेल. तो देवाने दिलेला नाही. नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावपटूंवर तो तपासला गेला, तेव्हा नेहमीच्या कार्यक्रमापेक्षा दुखापती कमी झाल्या नाहीत. अलीकडे पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवशी मारलेली लांब उडी जास्त महागात पडते, असं निघालं. म्हणून मी सांगतो, गेल्या महिनाभरात एका दमात सर्वांत लांब किती धावलात ते बघा, आणि रविवारी त्याच्या फार पुढे जाऊ नका. मग ग्रुपमधले सगळे चौदा किलोमीटर करणार असले तरी.

पुढचा भाग नीट ऐका, कारण नडगीची सगळी दुखणी सारखी नसतात.

मघाशी सांगितलेली चार-पाच बोटांची पट्टी दुखत असेल, चालताना त्रास नसेल आणि धावून झाल्यावर दुखणं तासाभरात ओसरत असेल, तर घरच्या घरी सांभाळता येतं. पण एकाच बोटाच्या टोकाएवढी जागा दाबल्यावर तुम्ही ‘आई गं’ म्हणत असाल, धावताना दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जात असेल, साधं चालतानाही लंगडायला होत असेल किंवा रात्री पडल्यापडल्या ठणकत असेल, तर तडा आहे असं धरून चाला आणि त्या दिवसापासून धावणं थांबवा. एका पायावर उड्या मारून ‘बघतो जरा’ असले प्रयोग करू नका. आणखी एक जागा म्हणजे नडगीची पुढची धार, अगदी मधोमध. तिथला ठिपक्याएवढा दुखरा बिंदू सगळ्यात वाईट, कारण ती बाजू ताणली जाते आणि तिथला तडा सहज भरत नाही. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे अनेकदा स्वच्छ येतो, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर परत धावायला लागू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, त्यांना गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील. दिल्लीत सफदरजंग रुग्णालयाचं स्पोर्ट्स इंज्युरी सेंटर याच कामासाठी आहे.

तिसरा प्रकार वेगळा ओळखू येतो. धावायला लागल्यावर ठरावीक वेळाने, समजा दर वेळी बाराव्या मिनिटाला, पोटरी किंवा नडगीची बाहेरची बाजू दगडासारखी घट्ट होते, पावलाला मुंग्या येतात, आणि थांबल्यावर थोड्याच वेळात सगळं पूर्ववत होतं. तिथे स्नायूच्या आवरणातला दाब वाढलेला असतो आणि खालचे व्यायाम त्याला लागू पडत नाहीत. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, विशेषतः लांबच्या रेल्वे किंवा विमान प्रवासानंतर, तर तो धावण्याचा विषयच नाही. रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता साध्या नडगीदुखीचं काय करायचं ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, लातूरची एक मुलगी ओल्ड राजिंदर नगरात राहते. सीएपीएफ असिस्टंट कमांडंटची लेखी परीक्षा पास झाली आहे. शारीरिक चाचणीत मुलींना ८०० मीटर ४ मिनिटे ४५ सेकंदांत धावायचे असतात, मुलांना ३ मिनिटे ४५ सेकंदांत. वर्षभर खुर्चीत बसून अभ्यास झालेला. निकाल लागला त्या दिवसापासून ती रोज पाच-सहा किलोमीटर धावते. चौथ्या आठवड्यात नडगी धरली. चाचणीला तीन आठवडे उरलेत. घरी सांगायची सोय नाही, कारण आई लगेच म्हणणार, ‘बाळ, परत ये.’

पहिली गोष्ट, तिला पाच किलोमीटरची गरजच नाही. तिची परीक्षा ८०० मीटरची आहे, आणि सहाएक मिनिटांचा किलोमीटर हा वेग निरोगी तरुण मुलीच्या आवाक्यातला आहे. दुसरी गोष्ट, दुखणं पट्टीचं आहे की बिंदूचं, हे तिने आजच बघावं. बिंदू असेल तर डॉक्टर, आणि डॉक्टर नाही म्हणाले तर नाही. हे ऐकायला फार कठोर वाटतं, हे मला कळतं. एक संधी म्हणजे तिचं आणि घरच्यांचं वर्षभराचं आयुष्य असतं. पण बारीक तडा घेऊन वेगाने धावताना हाड पूर्ण मोडू शकतं. मग चाचणी हातची जातेच, शिवाय वर्षभराचं खुरडणं मागे लागतं.

पट्टी असेल तर पहिले पाच-सात दिवस धावणं बंद. झोपून राहायचं नाही. सायकल, पोहणं किंवा जिममधला क्रॉस ट्रेनर यांनी दम टिकतो, आणि तिला दमच टिकवायचा आहे. अर्धा तास झपाझप चालून नडगी दुखली नाही की एक दिवसाआड एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. धावताना दोन-तीनच्या वर गेलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त नसेल, तर पुढची पायरी. सकाळची नडगी हीच खरी परीक्षक, कारण धावताना अंग गरम असतं आणि खोटं सांगतं. तिसऱ्या आठवड्यात दोनदा २०० मीटरचे चार तुकडे, मधे पुरेशी विश्रांती. शेवटचे तीन दिवस काही नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय, की ठरावीक आघातांनंतर हाडाच्या पेशी नव्या आघातांना प्रतिसाद देणं कमी करतात आणि काही तासांनी परत ताज्या होतात. म्हणजे एकाच वेळी लांब धावण्यापेक्षा थोडं-थोडं धावलेलं हाडाला जास्त लागू पडतं.

एसएससी जीडीच्या मुलांचं गणित अवघड आहे, कारण त्यांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत हवे असतात. तिथे तीन आठवड्यांत चमत्कार होत नाही. त्यांनी फॉर्म भरला त्या दिवसापासून, लेखी परीक्षेच्या आधीपासून, आठवड्यातून तीनदा थोडं धावत राहावं. लेखीचा निकाल लागल्यावर मैदानात उतरणं हीच सगळ्यात मोठी गल्लत आहे, आणि ती क्लासमध्ये कोणी सांगत नाही.

व्यायाम फक्त दोन. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचला आणि हळू खाली आणा, आधी दोन पायांवर आणि मग एका पायावर. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा थोडा वाकवून, कारण वाकवल्यावर पोटरीचा खोलातला स्नायू काम करतो. नडगीला सगळ्यात मोठा आधार त्याचाच. दुसरा, भिंतीला पाठ टेकून टाचा जमिनीवर ठेवा आणि पुढचे पंजे उचला. पंधरा-पंधराचे तीन फेरे, एक दिवसाआड. पावलांची गती मोजायची असेल तर अर्धा मिनिट फक्त उजवा पाय मोजा आणि चारने गुणा. १६० भरत असेल तर १६८ करून बघा. पावलं थोडी आखूड पडतील आणि नडगीवरचा भार हलका होईल.

बुटांवर लोक माझ्याशी सगळ्यात जास्त भांडतात. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीनमध्ये नव्या जवानांना तळव्याच्या कमानीनुसार निवडून बूट देऊन पाहिले, दुखापती कमी झाल्या नाहीत. पायाला बसणारा, आरामदायी, तळ न झिजलेला बूट घ्या. एवढं बास. करोल बागेतल्या फुटपाथवरचा ‘फर्स्ट कॉपी’ बूट मात्र नको, त्याचा तळ महिनाभरात बसतो.

बुटांपेक्षा झोपेकडे बघा. इस्रायली सैन्याने पंचवीस वर्षं तड्यांवर उपाय शोधले, आणि उपयोगी पडलं ते म्हणजे रात्री किमान सहा तास झोपेची सक्ती आणि एकूण चाल कमी करणं. तडे निम्म्याहून खाली आले. रात्री दोनपर्यंत लायब्ररीत बसून पहाटे पाचला मैदानावर जाणाऱ्यांनी हे वाक्य परत ऐकावं. खाण्याचंही तसंच. मेसच्या डब्यातली डाळ पातळ असते, दही-दूध-अंडी-तीळ स्वतःच्या खर्चाने जोडा. दिल्लीच्या धडधाकट लोकांत ड जीवनसत्त्व कमी सापडतं, हे एम्सच्या डॉक्टरांनी २००० सालीच दाखवून दिलंय. नडगी परत-परत दुखत असेल तर ती तपासणी करून घ्या. मुलींसाठी आणखी एक. धावणं वाढल्यापासून पाळी तीन महिने आली नसेल, तर ‘बरंच झालं, कटकट गेली’ म्हणू नका. अन्न कमी पडतंय आणि हाड त्याची किंमत मोजतंय, असा त्याचा अर्थ असतो. डॉक्टरांना सांगा.

राहिली ती वेदनाशामक गोळी. बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा, बरं वाटेल, हाड त्याने भरत नाही. मालिश पोटरीला करा, हाडावर अंगठा रगडू नका. धावण्याआधी गोळी घेऊन मैदानात उतरणं मात्र नको. गोळी दुखणं झाकते आणि ‘थांब’ म्हणणारा एकमेव आवाज बंद करते. शिवाय उन्हात, घाम गेलेल्या शरीरात अशा गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. चाचणीच्या दिवशी गोळीशिवाय ८०० मीटर होणार नसतील, तर आदल्या आठवड्यात डॉक्टरांसमोर बसा आणि बोटाने जागा दाखवा.